राजे भूमिबल कुशाचे वंशज नव्हते: एका फॉरवर्डला उत्तर

आत्याने भाच्याला रामनवमीच्या भाषणासाठी एक मेसेज पाठवला आणि त्या पोराने तो वहीत छान अक्षरात उतरवूनही काढला. मेसेज जुना आहे. हिंदीतून मराठीत आला, प्रत्येक ग्रुपवर येऊन गेला, तरी दर रामनवमीला नव्याने येतो. इतके दिवस मी तो वाचून पुसून टाकत होतो. आता तो शाळेच्या व्यासपीठावरून बोलला जाणार असेल तर गप्प बसणं बरं नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. थायलंडमध्ये आजही घटनेनुसार रामराज्य आहे. रामपुत्र कुशाचे वंशज 'सम्राट भूमिबल अतुल्यतेज' तिथे राज्य करत आहेत आणि त्यांना 'नववे राम' म्हणतात. तिथली राजधानी अयोध्या, राष्ट्रीय ग्रंथ रामायण. तो देश कधी गुलाम झाला नाही, तिथे कायम शांतता असते. भूमिबल हे जगात सर्वाधिक काळ राज्य केलेले राजे. आणि राजाविरुद्ध कोणी ब्र काढला तर थेट तुरुंग, म्हणून प्रजा सुखी. शेवटी कोणीतरी मागाहून एक ओळ चिकटवली आहे: 'आपल्याकडेही असा कायदा हवा.'

पहिली गोष्ट, राजे भूमिबल आज राज्य करत नाहीत. १३ ऑक्टोबर २०१६ रोजी बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयात त्यांचं निधन झालं. वर्षभर थायलंडने दुखवटा पाळला. लोक काळे कपडे घालून राजवाड्याबाहेर तासन् तास रांगेत उभे राहिले, आणि २६ ऑक्टोबर २०१७ रोजी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. आता त्यांचे पुत्र वजिरालोंगकोर्न राजे आहेत, २०१९ मध्ये त्यांचा राज्याभिषेकही झाला. ज्या माणसासाठी एक अख्खा देश रडला त्याच्याबद्दल अभिमानाने लिहिताना तो हयात आहे की नाही एवढंही कोणी पाहत नाही, याचा मला राग येतो.

दुसरी गोष्ट कुशाच्या वंशाची, आणि इथे थोडं थांबावं लागेल, कारण सगळा डोलारा हिच्यावर उभा आहे.

भूमिबल ज्या चक्री घराण्यातले, ते सुरू झालं १७८२ मध्ये. मूळ पुरुष थोंगदुआंग हे एक सेनापती. 'चाओ फ्राया चक्री' हा त्यांचा हुद्दा होता आणि त्यावरूनच घराण्याला नाव पडलं. त्यांचे वडील अयुत्थया या जुन्या राजधानीच्या दरबारात अधिकारी होते, आईकडून चिनी रक्त होतं. हे मी पदरचं सांगत नाही. याच घराण्यातले चौथे राजे मोंगकुट यांनी हाँगकाँगचे ब्रिटिश गव्हर्नर सर जॉन बाउरिंग यांना लिहिलेल्या पत्रात आपल्या कुळाची हकीगत दिली आहे. आपले पूर्वज पेगूचे, म्हणजे आजच्या म्यानमारमधले मोन लोक होते आणि राजा नरेसुआनच्या काळात सयाममध्ये, म्हणजे थायलंडमध्ये, आले, असं ते सांगतात. मोंगकुट म्हणजे भूमिबल यांचे सख्खे पणजोबा. पणजोबा स्वतःच्या हाताने मूळ पेगूचं लिहून ठेवतात आणि आपण दीडशे वर्षांनी त्यांना अयोध्येला नेऊन बसवतो. कशाच्या आधारावर?

आणि 'नववे राम'? ही पद्धत सुरू केली सहावे राजे वजिरावुध यांनी, विसाव्या शतकात. ते इंग्लंडमध्ये शिकलेले. युरोपातल्या राजांना जसे क्रमांक असतात तसे आपल्या राजांनाही असावेत म्हणून त्यांनी घराण्यातल्या सगळ्यांना 'राम' हे नाव आणि आकडा दिला, आधी होऊन गेलेल्यांनाही. थाई माणूस रोजच्या बोलण्यात 'नवव्या राजवटीचे राजे' असंच म्हणतो. राम हे नाव तिथल्या राजांना प्रिय होतं, आदर्श राजा म्हणून ते बिरुद घेतलं जायचं, हे शंभर टक्के खरं. पण बिरुद म्हणजे वंशावळ नाही.

वंशाच्या या बडेजावात भूमिबल यांच्या आईचा तर कुठे पत्ताच नाही. त्यांचं नाव सांगवान. सोनाराच्या घरात जन्मलेली, लहानपणीच पोरकी झालेली मुलगी. सिरिराजमध्ये नर्सिंग शिकली, पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेली, आणि तिथे राजपुत्र महिदोल यांच्याशी तिची गाठ पडली. महिदोल तेव्हा हार्वर्डमध्ये शिकत होते. म्हणून भूमिबल यांचा जन्म ५ डिसेंबर १९२७ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिजचा. दोन वर्षांत वडील वारले. आईने तीन मुलं स्वित्झर्लंडमध्ये, लोझानला वाढवली. ९ जून १९४६ रोजी थोरला भाऊ, राजा आनंद महिदोल, राजवाड्यात गोळी लागून मृतावस्थेत सापडला आणि अठरा वर्षांचे भूमिबल त्याच दिवशी राजे झाले. वंशाचं तेज वगैरे सोडा, त्या वयात त्या घरावर काय गुदरलं असेल याचा विचार करा.

राजधानीचं लवकर उरकतो. राजधानी बँकॉक आहे. अयुत्थया ही जुनी राजधानी, चौदाव्या शतकात वसवलेली, १७६७ मध्ये बर्मी सैन्याने जाळलेली. आज तिथे विटांचे भग्न स्तूप आहेत आणि पर्यटक आहेत. तिचं नाव अयोध्येवरून घेतलं हे खरं. बँकॉकच्या लांबलचक औपचारिक नावातही 'अयुत्थया' येतं, तेही खरं. आपल्या महाराष्ट्रातली मंडळी सहलीला जातात तेव्हा सुवर्णभूमी विमानतळावरच्या समुद्रमंथनापुढे फोटो काढतात. ते शिल्प खरं, विमानतळाचं नाव खुद्द भूमिबल यांनी दिलेलं, राजचिन्ह गरुड, राजदरबारात विधी करणारे ब्राह्मण आजही आहेत, आणि बंद पडलेला शेत नांगरण्याचा राजविधी भूमिबल यांनी पुन्हा सुरू केला. राजकन्या सिरिंधोर्न संस्कृत आणि पाली शिकल्या, भारत सरकारने त्यांना २०१७ मध्ये पद्मभूषण दिलं. एवढं सगळं मान्य आहे. मग यावर खोट्याचा थर कशाला चढवायचा?

घटनेचं म्हणाल तर थायलंडच्या घटनेत रामराज्य हा शब्द नाही. तिच्यात लिहिलंय की राजा बौद्ध असतो आणि सर्व धर्मांचा आश्रयदाता असतो. नव्वद टक्क्यांहून अधिक प्रजा बौद्ध आहे. भूमिबल यांनी स्वतः १९५६ मध्ये मुंडन करून पंधरा दिवस भिक्षूचं जीवन घालवलं, भगव्या चीवरात अनवाणी भिक्षा मागितली. रामकियन हे तिथलं रामायण लोकांना जीव की प्राण आहे, नाचात आहे, भिंतींवर रंगवलेलं आहे. पण ते त्यांचं आहे. त्यातला हनुमान ब्रह्मचारी नाही, रावणकन्या सुवर्णमत्स्येवर तो प्रेम करतो. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांना हे चालेल?

आता शांतता आणि तो कायदा. हा सगळ्यांत वाईट भाग.

भूमिबल यांच्या सत्तर वर्षांत थायलंडमध्ये दहाच्या आसपास यशस्वी लष्करी उठाव झाले. शेवटचा २०१४ चा. ऑक्टोबर १९७३ मध्ये लष्कराने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा राजांच्या चित्रलदा राजवाड्याचे दरवाजे उघडले गेले आणि पळणाऱ्या मुलांना आसरा मिळाला. लोक ते विसरलेले नाहीत. पण तीनच वर्षांनी, ६ ऑक्टोबर १९७६ रोजी, थम्मसात विद्यापीठात विद्यार्थ्यांची कत्तल झाली, त्याच संध्याकाळी लष्कराने सत्ता घेतली, आणि त्या राजवटीला राजमान्यताही मिळाली. मे १९९२ मध्ये पुन्हा रस्त्यावर रक्त सांडलं. तेव्हा राजांनी पंतप्रधान जनरल सुचिंदा आणि आंदोलनाचे नेते चामलोंग दोघांना बोलावून घेतलं. ते दोघे राजांपुढे गुडघ्यांवर बसले आहेत आणि राजे त्यांना समजावत आहेत, हे दृश्य देशभर टीव्हीवर दिसलं. सुचिंदांनी काही दिवसांतच पद सोडलं. यातलं कुठलं पान फाडायचं आणि कुठलं ठेवायचं हे मेसेजवाल्यांनी ठरवायचं नाही. जे राजे १९७३ आणि १९९२ चे, तेच १९७६ चेही.

आणि तो कायदा, ज्याची आपल्याकडे मागणी होते आहे, तो म्हणजे थाई दंडसंहितेचं कलम ११२. राजा, राणी, युवराज किंवा राजप्रतिनिधी यांचा अपमान केला तर प्रत्येक गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षं कैद. तक्रार कोणीही करू शकतो. २०११ मध्ये साठी ओलांडलेल्या एका आजोबांना चार एसएमएसबद्दल वीस वर्षांची शिक्षा झाली. मला एसएमएस पाठवताच येत नाही, असं ते सांगत राहिले. २०१२ मध्ये ते तुरुंगातच वारले. २०१५ मध्ये एका कामगारावर जे आरोप ठेवले गेले त्यात राजांच्या लाडक्या कुत्रीबद्दलच्या फेसबुक पोस्टचाही आरोप होता. २०२० नंतर अडीचशेहून अधिक लोकांवर हे कलम लागलं, त्यांत शाळकरी मुलंही आहेत. भाच्याच्या वयाची मुलं, आत्या.

यावर स्वतः भूमिबल काय म्हणाले ते तरी वाचा. डिसेंबर २००५ मध्ये, वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच्या भाषणात त्यांनी स्पष्ट सांगितलं की राजाकडूनही चूक होते, माझ्यावरही टीका झाली पाहिजे, आणि टीका केली म्हणून लोकांना तुरुंगात टाकलं तर त्रास राजालाच होतो. कायदा तरीही बदलला नाही, उलट खटले वाढले. त्यांच्या हयातीत ते का थांबले नाहीत, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनीही विचारावा असा आहे. मी चाहता आहे आणि मला तो पडतो.

मी चाहता का आहे, ते या मेसेजमध्ये एका शब्दानेही नाही. भूमिबल यांचे बहुतेक फोटो पाहा: गळ्यात कॅमेरा, हातात नकाशा, पेन्सिल, कपाळावर घाम. १९५५ मध्ये ते ईशान्येकडच्या इसान भागात फिरत होते. खाली जमीन भेगाळलेली आणि वर ढग नुसते सरकत चाललेले. हे ढग खाली का आणता येऊ नयेत, हा प्रश्न त्यांनी डोक्यात घेतला, आणि चौदा वर्षांनी, १९६९ मध्ये, खाओ याइच्या रानावर कृत्रिम पावसाचा पहिला प्रयोग झाला. अशा प्रयोगाने नेमका किती पाऊस वाढतो हे सिद्ध करणं अवघड असतं, मराठवाड्याने २०१५ आणि २०१९ मध्ये ते अनुभवलं आहे. पण चौदा वर्षं एका प्रश्नाचा पिच्छा न सोडणं ही वृत्ती बघा.

त्याच १९६९ सालात ते चिआंग माइजवळच्या दोइ पुइ डोंगरावर हमोंग या डोंगरी जमातीच्या वस्तीत गेले. तिथे अफू पिकायची. त्यांनी धाक घातला नाही, हिशेब विचारला: अफूशिवाय कशाचे पैसे मिळतात? लोकांनी सांगितलं की रानटी पीचचेही मिळतात, जवळपास अफूइतकेच. मग चांगल्या जातीचं कलम केलं तर? संशोधनाला बाग हवी म्हणून त्यांनी कासेतसात विद्यापीठाला दोन लाख बाट (थाई चलन) दिले, आणि ती बाग आजही 'दोन लाखांची बाग' म्हणून ओळखली जाते. यातून जो 'रॉयल प्रोजेक्ट' उभा राहिला त्याने डोंगराळ भागात भाज्या, फळं, कॉफी आणली आणि १९८८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळवला. बँकॉकच्या मक्कासान तळ्यातलं सांडपाणी त्यांनी जलपर्णी वापरून गाळायला लावलं. पाण्यात हवा मिसळणारं एक तरंगतं चाक बनवलं, त्याचं पेटंट १९९३ मध्ये त्यांच्या नावावर झालं. पुराचं पाणी आधी खोलगट जागांमध्ये साठवायचं आणि समुद्र ओसरला की सोडायचं, या योजनेला त्यांनी नाव दिलं 'माकडाचे गाल': माकड केळी आधी गालात भरतं आणि सवडीने खातं, तसं. जागतिक मृदा दिन ५ डिसेंबरला असतो तो त्यांच्या वाढदिवसामुळे. २००६ मध्ये कोफी अन्नान स्वतः बँकॉकला येऊन त्यांना संयुक्त राष्ट्रांचा मानव विकासाचा जीवनगौरव देऊन गेले. भाच्याने भाषणात यातलं काहीही सांगितलं तरी चालेल.

राहिले दोन मुद्दे. थायलंड युरोपीय सत्तांची वसाहत झाला नाही, हे खरं. ते मोंगकुट आणि त्यांचे पुत्र राजे चुलालोंगकोर्न यांच्या मुत्सद्देगिरीचं फळ, आणि त्याची किंमतही मोजली गेली: १८९३ मध्ये लाओस फ्रान्सकडे गेला, १९०९ मध्ये केडा, केलांतानसह चार मलय राज्यं ब्रिटिशांकडे. १९४१ मध्ये जपानी सैन्यही देशात शिरलंच.

आणि जगात सर्वाधिक काळ राज्य? नाही. फ्रान्सचा चौदावा लुई बहात्तर वर्षांहून अधिक काळ गादीवर होता, आणि जून २०२२ मध्ये इंग्लंडच्या राणी एलिझाबेथही भूमिबल यांच्या पुढे गेल्या. भूमिबल यांची सत्तर वर्षं आणि चार महिने. निधन झालं तेव्हा जगातल्या राज्यकर्त्यांमध्ये मात्र तेच सर्वाधिक काळ गादीवर असलेले होते.