स्टोरेज ग्रुपची टक्केवारी पाहून निवांत होऊ नका

मेनफ्रेम (बँकांसारख्या ठिकाणचे मोठे संगणक) शिकणाऱ्या आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. नांदेड, लातूर, परभणी, संभाजीनगर, सगळीकडे तो पोचलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मेनफ्रेमवरच्या स्टोरेजचा रिपोर्ट म्हणजे साधी बेरीज. डीकलेक्ट (स्टोरेजच्या नोंदी काढणारी कमांड) चालवा, फाईल एक्सेलात उतरवा, स्टोरेज ग्रुपप्रमाणे (डिस्कच्या गटाप्रमाणे) टोटल मारा, टक्केवारी काढा. ती 80च्या खाली असली की निवांत. डेटासेट (मेनफ्रेमवरच्या फाईली) किती आहेत ते हवं असेल तर ओळी मोजा. कुठल्या खात्याने किती जागा अडवली ते हवं असेल तर नावाचा पहिला तुकडा बघा. मायग्रेट झालेला (वापर नसल्याने बाजूला हलवलेला) डेटा सोडून द्या, तो डिस्कवर नसतोच.

मी याच कामात आहे. आपल्याकडची बरीच लेकरं कॉलेज संपवून पुण्यात मेनफ्रेमवर रुजू होतात आणि हा रिपोर्ट लवकरच त्यांच्या हातात येतो. त्यांनी हा मेसेज पाठ करून जाऊ नये, म्हणून यातला एकेक मुद्दा तपासतो.

आधी टक्केवारी, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

डीकलेक्ट ही आयडीकॅम्स या मेनफ्रेमवरच्या युटिलिटीची कमांड. ती एका फाईलमध्ये वेगवेगळ्या प्रकारच्या नोंदी टाकते: डेटासेटसाठी डी, व्हॉल्यूमसाठी (एकेका डिस्कसाठी) व्ही, व्हीसॅम या फाईलप्रकारातल्या भागांच्या नात्यासाठी ए, मायग्रेट झालेल्यांसाठी एम, बॅकअपसाठी बी. व्ही नोंदीत मोकळी जागा असतेच. शिवाय ती जागा किती तुकड्यांत आहे, सगळ्यात मोठा तुकडा केवढा आहे आणि फ्रॅगमेंटेशन इंडेक्स (मोकळी जागा किती विखुरली त्याचा आकडा) किती आहे, हेही असतं. मेसेजवाल्याने यातला एकच आकडा उचलला आणि बाकीचे सोडून दिले.

समजा एका ग्रुपमध्ये 3390 मॉडेल-9 या डिस्क-प्रकाराचे 10 व्हॉल्यूम आहेत. एकेक 10,017 सिलेंडरचा (सिलेंडर हे डिस्कवरची जागा मोजायचं एकक), म्हणजे एकूण 1,00,170. प्रत्येकावर 3,000 सिलेंडर मोकळे. ग्रुप 70 टक्के भरलेला, म्हणजे मेसेजच्या हिशोबाने निवांत. पण ही मोकळी जागा 60-60 सिलेंडरच्या 50 तुकड्यांत विखुरली असेल तर? रात्रीच्या बॅचमधला (आपोआप चालणाऱ्या कामांमधला) एक जॉब 2,500 सिलेंडर प्रायमरी, म्हणजे सुरुवातीलाच लागणारी जागा, मागतो. प्रायमरी जागा जास्तीत जास्त 5 तुकडे जोडून भागवता येते. 5 गुणिले 60 म्हणजे 300. ग्रुपमध्ये 30,000 सिलेंडर मोकळे असूनही त्या जॉबला एकाही व्हॉल्यूमवर जागा मिळत नाही. लॉगमध्ये आयजीडी17272आय उमटतो, जागा अपुरी म्हणून व्हॉल्यूम निवडता आला नाही, आणि जॉब पडतो. डेटा क्लासमध्ये (डेटासेटच्या जागेच्या नियमांमध्ये) स्पेस कन्स्ट्रेंट रिलीफ, म्हणजे जागा कमी पडली तर भागवून घेण्याची सोय, चालू असेल तर काही वेळा यातून सुटका होते. पण रिपोर्ट काढणाऱ्याने त्या भरवशावर बसू नये.

म्हणून गट पाडताना कोणत्या रकान्याचं काय करायचं, हे आधी ठरवावं लागतं. मोकळ्या जागेची बेरीज चालते. सगळ्यात मोठ्या तुकड्याची बेरीज निरर्थक आहे, तिथे ग्रुपमधला कमाल आकडा घ्यायचा. आणि टक्केवारीची तर बेरीजही नाही नि सरासरीही नाही. एका ग्रुपमध्ये 3,339 सिलेंडरचा मॉडेल-3 आहे, 90 टक्के भरलेला, आणि शेजारी 65,520 सिलेंडरचा मॉडेल-54 आहे, 20 टक्के भरलेला. दोन टक्केवाऱ्यांची सरासरी 55 येते. खरा आकडा मात्र 23.4 आहे, कारण 68,859 पैकी जेमतेम 16,109 सिलेंडर वापरात आहेत. आधी वापरलेली जागा आणि क्षमता यांची वेगवेगळी बेरीज करायची, भागाकार शेवटी.

आणि हा 23.4 बरोबर असला तरी तो 90 टक्के भरलेला व्हॉल्यूम त्यात दिसेनासा होतोच. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. नाशिक-नगरकडे पाऊस झाला की जायकवाडी भरतं, आणि त्याचा जिवंत साठाच 2,171 दशलक्ष घनमीटरचा असल्याने विभागातल्या धरणांची एकत्रित टक्केवारी झपाट्याने वर जाते. मांजरा धरण मात्र 177 दशलक्ष घनमीटरच्या आसपासचं, आपल्याच पाणलोटातल्या पावसावर अवलंबून. 2016च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे विभागाची सरासरी सांगून कोणाची घागर भरत नाही. बेरीज खोटी नसते, पण पाणी कुठे आहे हे ती सांगत नाही.

मायग्रेशनचंही तसंच. हाय आणि लो थ्रेशोल्ड (किती भरलं की हलवायचं, कुठवर हलवायचं त्या मर्यादा) स्टोरेज ग्रुपच्या व्याख्येत लिहिलेले असतात, पण एचएसएम (डेटा हलवणारी यंत्रणा) ते एकेका व्हॉल्यूमला लावून बघतं. म्हणजे जागा सांभाळणारी यंत्रणाच व्हॉल्यूमच्या पातळीवर विचार करते. मग रिपोर्ट ग्रुपपाशी का थांबावा? ग्रुपच्या ओळीखाली थ्रेशोल्ड ओलांडलेले व्हॉल्यूम वेगळे दाखवावेत. चार ओळी वाढतील, वाढू द्या.

ग्रुपची एकूण बेरीज टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. पुढच्या वर्षी किती डिस्क घ्यायची, हे तिच्यावरूनच ठरतं. आज रात्री बॅच पार पडेल का, हे मात्र तिच्यावरून कळत नाही.

आता ओळी मोजून डेटासेटची संख्या काढण्याबद्दल. डी नोंद डेटासेटमागे एक नसते, डेटासेट ज्या ज्या व्हॉल्यूमवर आहे तिथे एकेक असते. व्हीसॅममध्ये डेटा आणि इंडेक्स या दोन भागांच्या नोंदी वेगळ्या. एखाद्या क्लस्टरचा डेटा भाग 3 व्हॉल्यूमवर आणि इंडेक्स एकावर असेल, तर 4 ओळी येतात. प्रोग्रामरच्या लेखी मात्र ती एकच फाईल असते. हे भाग कोणत्या क्लस्टरचे ते ए नोंदीवरून जुळवावं लागतं. व्हीसॅममध्ये दिलेल्या जागेपैकी खरी किती वापरली, ते कळायचे हाय-यूज्ड आणि हाय-अलोकेटेड आरबीए, म्हणजे फाईलमधले पत्ते, हेही ए नोंदीतच आहेत. जीडीजीत (एकाच फाईलच्या क्रमांक दिलेल्या आवृत्त्यांच्या संचात) उलटं होतं. तिथे प्रत्येक जनरेशन खराच स्वतंत्र डेटासेट असतो, पण गट हवा असतो तो बेसचा, म्हणजे सगळ्या जनरेशनच्या समान नावाचा. नावाच्या शेवटचा जी-व्ही (जनरेशन आणि व्हर्शनचा क्रमांक) असलेला तुकडा काढून टाकल्याशिवाय ते एकत्र येत नाहीत. बेसप्रमाणे गट लावला की रोजच्या एखाद्या एक्स्ट्रॅक्टच्या जुन्या जनरेशन किती जागा अडवून बसल्यात ते लगेच दिसतं. सफाईला सुरुवात करायची तर मी तिथूनच करेन.

नावाच्या पहिल्या तुकड्यावरून खातं ओळखणं, म्हणजे एचएलक्यूवर गट पाडणं, पहिल्या नजरेला पुरतं. पण जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये एकाच एचएलक्यूखाली चार अ‍ॅप्लिकेशन नांदतात आणि एकाच अ‍ॅप्लिकेशनची टेस्ट आणि प्रॉडक्शनची नावं वेगवेगळी असतात. त्यासाठी नाव आणि मालक यांची जोडी लावणारा तक्ता ठेवावा लागतो. तो कंटाळवाणा आहे, पण त्याला पर्याय नाही. आणखी एक जागा हमखास सुटते. ज्या डेटासेटला एसीएस रुटीनने (वर्ग ठरवून देणाऱ्या नियमांनी) स्टोरेज क्लास दिलाच नाही, ते एसएमएसच्या (सिस्टीमने स्वतः जागा सांभाळायच्या व्यवस्थेच्या) बाहेर राहतात आणि त्यांच्या नोंदीत स्टोरेज ग्रुपचा रकाना कोरा असतो. गट पाडताना कोऱ्या ओळी गाळल्या की ते डेटासेट रिपोर्टातून गायब होतात. कोऱ्यांचा स्वतंत्र गट करा आणि तो पहिल्या पानावर ठेवा.

मायग्रेट झालेला डेटा सोडून द्या, या सल्ल्याने तर प्रत्यक्ष नुकसान होऊ शकतं. एमएल2 (मायग्रेशनची दुसरी पातळी) बहुतेक ठिकाणी टेपवर असतं, पण एमएल1 (पहिली पातळी) डिस्कवरच असतं. ते व्हॉल्यूम एचएसएमच्या ताब्यात असतात, कुठल्याही स्टोरेज ग्रुपमध्ये नसतात, म्हणून ग्रुपच्या बेरजेत ते येतच नाहीत. डिस्कचे पैसे मात्र त्यांचेही मोजलेले असतात. शिवाय मायग्रेट होताना डेटा सहसा कॉम्पॅक्ट होतो. कोणी तो डेटासेट उघडायला गेलं की एचएसएम तो आपोआप परत आणतं, आणि तेव्हा जागा लागते ती मूळ आकाराची. बँकेच्या 31 मार्चच्या कामात वर्षभर न हललेल्या फाईली एकदम मागितल्या जातात, आणि त्या सगळ्यांना प्रायमरी डिस्कवर जागा हवी असते. एम नोंदींचा मॅनेजमेंट क्लास (डेटा कधी हलवायचा वगैरे नियमांचा वर्ग) आणि शेवटच्या वापराची तारीख यांवर सारांश काढला असेल, तर ही मागणी केवढी असेल त्याचा अंदाज फेब्रुवारीतच बांधता येतो.

राहिलं एक्सेल. एका शीटमध्ये 10,48,576 ओळी बसतात आणि मोठ्या इन्स्टॉलेशनमध्ये डी नोंदी याहून कितीतरी जास्त असू शकतात. सगळा डेटा बाहेर नेण्याची गरजही नाही. डीएफसॉर्ट या मेनफ्रेमवरच्या सॉर्ट प्रोग्रामचं आइसटूल डिस्प्ले या कमांडमध्ये ब्रेक घेतं, म्हणजे गट बदलला की हिशोब तोडतं, आणि प्रत्येक गटाची बेरीज, सरासरी, किमान, कमाल आणि संख्या देतं. फक्त ब्रेकच्या रकान्यावर फाईल आधी सॉर्ट केलेली हवी. नुसती गटवार संख्या हवी असेल तर आइसटूलचीच ऑकर ही कमांड आहे. नोंदीतला रकाना कुठे सुरू होतो ते आयडीसीडीआउट या मॅक्रोत बघायचं. दोन-चार व्हॉल्यूमचाच प्रश्न असेल तर आयएसएमएफची (एसएमएसच्या स्क्रीनवरची) यादी फिल्टर आणि सॉर्ट करून पाच मिनिटांत उत्तर मिळतं. गट पाडून झाल्यावर उरलेल्या शे-दोनशे ओळी आलेखासाठी एक्सेलात न्यायला माझी काहीच हरकत नाही.