जागतिक तापमानवाढ आणि आमचं मीटर

उन्हाचा मला फारसा त्रास होत नाही. मला त्रास होतो तो उन्हाबद्दलच्या माहितीचा. ऊन संध्याकाळी उतरतं, माहिती उतरत नाही. रात्री कूस बदलली की २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचं सर्वांत तापलेलं वर्ष होतं, हे आठवतं. २०१५ साली पॅरिसमध्ये बसून जगानं पृथ्वीच्या तापमानवाढीला दीड अंशाची जी रेघ आखली, ती त्या वर्षापुरती ओलांडली गेली, हेही आठवतं. मग घाम येतो. तो उकाड्याचा की दीड अंशाचा, ते ठरवता येत नाही. शेजारी बायको शांतपणे घोरत असते. ती बातम्या बघत नाही.

त्यातून आम्ही बेळगावचे. उकाड्याबद्दल तक्रार करायचा आम्हाला हक्कच नाही. गाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर. 'गरिबांचं महाबळेश्वर' ही पदवी आमच्या वाडवडिलांनी मिरवली. टिळकवाडीतल्या कितीतरी जुन्या कौलारू घरांत छताला पंख्याचा हूकच नसायचा, आणि तो नसणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. मे महिन्यात सांगली-मिरजेचे पाहुणे यायचे, पहाटे पांघरूण मागायचे, आणि ते कपाटातून काढून देताना आमच्या आजीच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं ते मी सत्यनारायणाच्या पूजेलाही पाहिलेलं नाही. आता महाबळेश्वर गेलं, गरीब तेवढे उरले. कौलं उतरून स्लॅब पडला. दिवसभर गिळलेलं ऊन तो आम्ही अंथरुणाला पाठ टेकली की परत करायला लागतो. आईला मात्र यातलं काही मान्य नाही. तिच्या मते बेळगाव आहे तसंच थंड आहे, माणसं नाजूक झालीत.

बरं, या उकाड्याला सरकारदरबारी दर्जाही मिळत नाही. उष्णतेची लाट म्हणायची तर मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश हवं, डोंगराळ भागात ३०, आणि शिवाय ते नेहमीच्यापेक्षा साडेचार अंशांनी तरी वर गेलेलं हवं, असा हवामान खात्याचा नियम. आमचा पारा अडतीसपाशी येऊन घुटमळतो. मैदान म्हणावं तर दोन अंश कमी पडतात, आणि डोंगरात आम्हाला कुणी धरत नाही. ना इकडचे, ना तिकडचे. अर्थात याची आम्हाला १९५६ पासून सवय आहे.

सूचना मात्र दोन्हीकडून येतात. सरकारी संदेश फोनवर कन्नडमध्ये येतो. तो मी अक्षराला अक्षर लावून वाचेपर्यंत ऊन कललेलं असतं. पुण्याच्या नातेवाइकांचा मराठीत येतो, त्यात खिशात कांदा ठेवायला सांगितलेलं असतं. दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका, यावर मात्र दोन्ही भाषांचं एकमत आहे. आणि कुठल्याही कचेरीत साहेब जागेवर सापडण्याची वेळ बारा ते तीन हीच आहे, हा माझा अनुभव.

या सगळ्याचा परिणाम माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर झाला आहे. पूर्वी ती बटणावर जायची आणि पंखा लागायचा. आता ती बटणापाशी थबकते. आपला पंखा जुना, पंच्याहत्तर वॅटचा. नवीन प्रकारचा तेवढंच वारं तीस-पस्तीस वॅटमध्ये घालतो. म्हणजे मी जे वारं खातो त्यातलं निम्मं पृथ्वीच्या वाटचं. असा विचार करत मी बटणापाशी उभा राहतो, आणि मागून आवाज येतो, "अहो, लावताय काय पंखा की त्याची पूजा करताय?"

काही दिवस मी मोबाईलच्या चार्जरमागे लागलो होतो. दिसला प्लगमध्ये की काढ. नंतर हिशोब मांडला तेव्हा कळलं, की पंधरा लिटरचा गीझर एकदा तापवायला अर्धा युनिट लागतो आणि तेवढ्या विजेत मोबाईल वीसेक दिवस चार्ज होतो. म्हणजे मी घरभर चार्जर उपटत फिरत होतो तेव्हा न्हाणीघरात खरा दरोडेखोर लाल दिवा लावून बसला होता. मी गीझरबद्दल बोलायला तोंड उघडलं. पण आईचे गुडघे आणि हिचे केस, असे दोन मुद्दे आडवे आले आणि पृथ्वी मागं पडली.

आमच्या घरातली खरी पर्यावरणवादी ही आमची बायको आहे, हे मला फार उशिरा उमगलं. तिला कार्बन म्हटलं की पावतीबुकातला निळा कागद आठवतो. पण तिचं मीटरवर लक्ष आहे. कर्नाटकात २०२३ पासून 'गृहज्योती' योजना आली. महिन्याला दोनशे युनिटच्या आत असाल तर ज्या त्या घराला ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत वीज फुकट, दोनशेच्या वर एक युनिट जरी गेला तरी सगळं बिल भरा. ही फुकटची मर्यादा काढली ती त्या घराच्या २०२२-२३ सालच्या वापराच्या सरासरीवर थोडी सूट धरून. इथं आमचा घात झाला. ज्यांनी त्या साली दिवसाढवळ्या व्हरांड्यातले दिवे जाळले त्यांची सरासरी भक्कम. आणि आमच्या घरी मी त्या साली हिमनद्यांच्या काळजीनं एकेक दिवा मालवत फिरत होतो, त्यामुळं आमची सरासरी शंभराच्याही आत. "तुमच्या हिमनद्यांनी घात केला बघा आमचा," असं ही अजून म्हणते. यावर मला उत्तर सापडलेलं नाही. पॅरिसमध्येही कुणाला सापडलं असतं असं वाटत नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तुळशीला दिवा लावला की ती मीटरलाही एक नजर टाकते. मिक्सर किती फिरला, इस्त्री किती तापली, सगळं तिला तोंडपाठ. फ्रीजचं दार उघडून 'काय खावं' याचा विचार करत उभं राहायला आमच्या घरात बंदी आहे. खानापूरच्या कुंभाराचा माठ आला तो तिच्यामुळंच. तो तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीच्या वाऱ्याला ठेवला. पाझरलेलं पाणी हवेत उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, हे शास्त्र मी तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "होय की. म्हणूनच तर तिथं ठेवलाय."

तीच गत प्रवासाची. कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट पडत नाही. ही अनगोळवरून आधार कार्ड दाखवून, शून्य रुपयाचं तिकीट घेऊन, जगावर काडीचाही भार न टाकता गणपत गल्लीत भाजीला जाऊन येते. मी त्याच गल्लीत स्कूटरवरून जातो आणि वाटेत मन खातं. एकदा तिला म्हटलं, "एक लिटर पेट्रोल जाळलं की सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड होतो, माहीत आहे का?"

"एक लिटर पेट्रोलचं वजन किती?"

"पाऊण किलो असेल."

"मग पाऊण किलोचं सव्वादोन किलो कसं होतं? आमच्या वाण्याला शिकवा की जरा."

जळताना हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, त्याचं वजन त्यात पडतं, हे मी सांगितलं. तिला पटलं असावं. पण दुसऱ्या दिवशी शेजारणीला "आमच्या ह्यांच्या स्कूटरमधून टाकलेल्यापेक्षा जास्त बाहेर येतं," असं सांगताना मी ऐकलं.

खाण्यापिण्यातल्या कार्बनबद्दल मी घरात बोलणं सोडलं आहे. गाई-म्हशी रवंथ करताना ढेकर देतात, त्यातून मिथेन निघतो आणि पृथ्वी तापते, हे आईला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली आणि मग मी जेवलो का, असं तिनं विचारलं. भाताच्या तुंबलेल्या खाचरांतूनही तोच वायू निघतो, हे तर मी भातासाठी नावाजलेल्या येळ्ळूरच्या दिशेला तोंड करून मनातसुद्धा म्हणत नाही. आणि कुंदा! तासन् तास दूध आटवून केलेला तो ऐवज. त्याचा कार्बन ज्याला काढायचा असेल त्यानं बेळगावची हद्द ओलांडून काढावा.

पण नुसती काळजी करण्यापेक्षा काही तरी करावं, म्हणून या वर्षी मी गच्चीला चुना मारायचं ठरवलं. हे माझं खूळ नव्हे. अहमदाबादेत २०१० च्या उन्हाळ्यात फार माणसं दगावली. २०१३ साली त्या शहरानं उष्णतेशी लढायचा आराखडा केला, आणि पुढं त्यात झोपडपट्टीतल्या पत्र्यांना पांढरा रंग देणं आलं. पांढरं छप्पर ऊन परत पाठवतं, खाली माणसाला दोन-तीन अंशांचा दिलासा मिळतो, आणि वीज लागत नाही. हिला शेवटचे तीनच शब्द पुरले.

चुन्याची पिशवी आणली, कळकट पिंपात रात्रभर भिजवली, चिकटून राहावा म्हणून फेविकॉल ओतलं. गवंडी आला. गच्चीवर पाऊल ठेवताच "साहेब्र, भाळ सेकी आगैत्री," असं म्हणून जिन्याच्या सावलीत बसला. मी म्हटलं, उकडतंय म्हणूनच तर तुला बोलावलंय. त्याला ते पटलं नाही. शेवटी डोक्याला टॉवेल गुंडाळून मीच खराटा धरला आणि तो सावलीतून कोपरे दाखवत राहिला. रस्त्यावरून जाणाऱ्यांतल्या निम्म्यांनी विचारलं, "घरात लग्न काय हो?" दुपारपर्यंत गच्ची अशी लखलखली की तिच्याकडं उघड्या डोळ्यांनी बघवेना. खाली खोलीत शिरलो आणि खरंच, त्या एका दुपारी भिंत हाताला निवलेली लागली. जगासाठी आपल्या हातून काही घडल्याचं समाधान मला तेवढंच मिळालं, आणि ते चार वाजेपर्यंत टिकलं.

चार वाजता पलीकडच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर दारात. काळा चष्मा लावलेला. "काय हो, तुमचा सूर्य आमच्या स्वयंपाकघरात आलाय. मंडळी गॉगल घालून भाकरी थापायलीत." ऊन परत पाठवतं असं मी वाचलं होतं, कुणाकडं परत पाठवतं, ते वाचलं नव्हतं. मास्तरांना मी आकाशात परत जाणाऱ्या किरणांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "आकाशात जाईल तेव्हा जाईल, सध्या फोडणीत पडतंय."

तोडगा निघायच्या आत आभाळ भरून आलं. बेळगावचा वळीव कुणाचं ऐकत नाही. आधी धुळीचा लोट, मग चिंचेएवढ्या गारा, मग पाऊस. अर्धवट वाळलेला चुना गच्चीवरून पन्हळीत, पन्हळीतून बोळात, आणि बोळात नेमकी मास्तरांच्या जावयाची काळी गाडी. हिनं तेवढ्या पावसात धावत जाऊन तुळस उचलली. आई खिडकीत बसून हात बाहेर काढून गारा वेचत होती. "बघ, आहे की नाही बेळगाव थंड!" लाईट गेली होती. मीटर थांबलेलं होतं. हिचा चेहरा प्रसन्न होता.

आणि त्याच आठवड्यात पुण्याहून माझा मेहुणा सहकुटुंब आला. पुण्याचं ऊन सोसवेना म्हणून बेळगावच्या थंड हवेला आला, वाटभर गाडीतला एसी लावून. आल्या आल्या वर बघितलं, पंखा बघितला. "दाजी, अजून एसी नाही? यंदा माझ्याकडून भेट समजा."

मी त्याला सांगितलं की एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि वर स्वतःची भर घालतो. म्हणजे माझी खोली गार, मास्तरांची गरम. चुन्याच्या प्रकरणानंतर त्यांच्याकडं आणखी काही पाठवणं बरं दिसलं नसतं. पण हिनं शास्त्र मध्ये आणलं नाही. "दीड टनाचा तासाला सव्वा-दीड युनिट. रात्रीचे आठ तास. महिन्याचे तीनशेच्या वर. नको." आंतरराष्ट्रीय परिषदा दोन-दोन आठवडे चालूनही जिथं पोचत नाहीत तिथं ती एका दमात पोचली.

एसी टळला, पण पाहुणे होते. तीन खोल्यांत तीन पंखे रात्रंदिवस. मुलांना मे महिन्यातही कढत पाणी. धुण्याचं मशीन दिवसातून दोनदा. भाऊच तो, त्याला काय बोलणार? ती मीटरपाशी जायची, यायची, आणि वरणाला जास्त जोरात फोडणी द्यायची. शेवटी एका रात्री मला स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणाली, "अहो, तुमचं ते कार्बनचं सांगा की त्याला. गीझरचं पण सांगा, आकड्यासकट. मी बोलले तर भावाला बिल दाखवल्यासारखं होईल. तुम्ही पृथ्वीचं नाव घ्या."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच या विषयावर मला बोलायची विनंती झाली होती. मी काही हातचं राखलं नाही. पॅरिसपासून सुरुवात केली, हिमनद्या घेतल्या, २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोकाकात घुसलेलं पाणी घेतलं, २०२३ चा दुष्काळ घेतला, कोयनेचं पाणी सोडा म्हणून कर्नाटकानं महाराष्ट्राला लिहायची पत्रं घेतली, आणि तिथून अलगद न्हाणीघरात उतरलो. अर्धा युनिट, वीस दिवसांचा मोबाईल, सगळं सांगितलं. मेहुणा मांडी घालून ऐकत होता. मुलंसुद्धा गप्प. मधेच त्यानं उठून एक पंखा बंद केला, तेव्हा दाराआडून हिनं मला खूण केली, की चालू दे.

माझं संपल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दाजी, डोळे उघडलेत तुम्ही. उद्यापासून आम्ही सगळे गार पाण्यानं. मशीन बंद, कपडे हातानं. आणि पुण्यात परत गेलो की लागणार पुन्हा एसी, पुन्हा गाडी. त्यापेक्षा असं करतो, शाळा सुरू होईपर्यंत इथंच राहतो."

दाराआड पातेलं पडल्याचा आवाज झाला. आई म्हणाली, "राहा की बाबा. इथली हवा थंडच आहे."