सगळेच गोरे साहेब इंग्रज नव्हते

२००१ साली पोर्ट एलिझाबेथच्या कसोटीत सचिनवर चेंडूशी छेडछाड केल्याचा ठपका ठेवणारे मॅच रेफरी आठवतायत? माइक डेनेस. त्या आठवड्यात आपल्याकडे समस्त इंग्रजांचा उद्धार झाला. डेनेस होते स्कॉटलंडचे. त्या काळी स्कॉटलंड कसोटी खेळतच नव्हतं (अजूनही नाही), म्हणून ते केंटकडून खेळले आणि पुढे इंग्लंडचे कप्तान झाले. १९७४ मध्ये लॉर्ड्‌सवर वाडेकरांचा संघ ४२ धावांत गारद झाला, तो त्यांच्याच कप्तानीत. त्याआधी १९७२-७३ मध्ये भारतात येऊन वाडेकरांच्या संघाकडून मालिका हरलेले टोनी लुईस वेल्सचे. म्हणजे वाडेकरांसमोर लागोपाठच्या दोन मालिकांत टॉसला आलेला इंग्लंडचा कप्तान इंग्रज नव्हता!

हा घोळ आपण घातलेला नाही. खुद्द इंग्रजच पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या राज्याला (म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून झालेल्या युनायटेड किंग्डमला) सरसकट 'इंग्लंड' म्हणत आले, आपण ते उचललं. बाकीच्यांना मात्र ते टोचतं. वेल्सला आठव्या हेन्रीने सोळाव्या शतकात इंग्लंडच्या कायद्याखाली आणलं. इतकं पुरतं, की युनियन जॅकवर वेल्सची एक रेघही नाही. स्कॉटलंडचा राजा १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवरही बसला, पण दोन्ही संसदा एक झाल्या त्या १७०७ मध्ये. 'ब्रिटिश' ही राज्याची आणि पासपोर्टची ओळख खऱ्या अर्थाने तेव्हापासूनची. इंग्रज, स्कॉटिश, वेल्श या ओळखी तिच्यापेक्षा कितीतरी जुन्या. स्कॉटलंड आणि वेल्सला १९९९ पासून आपापली विधिमंडळं आहेत. इंग्लंडला स्वतःचं असं नाही. चार-पंचमांशाहून जास्त वस्ती तुमचीच असेल, तर वेस्टमिन्स्टर, म्हणजे लंडनची संसद, आपलंच वाटणार ना!

या ओळखी किती पातळ असतात बघा. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या ५७.७ टक्के लोकांनी स्वतःला फक्त 'इंग्लिश' म्हटलं होतं. २०२१ मध्ये तो आकडा १४.९ वर आला आणि फक्त 'ब्रिटिश' म्हणवणारे १९.१ वरून ५४.८ टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत राष्ट्रभावना उलटीपालटी झाली? नाही. इंग्लंडमधल्या फॉर्मवर 'ब्रिटिश' हा पर्याय २०२१ मध्ये सगळ्यात वर छापला होता, आणि या फरकाचं मोठं कारण तेच. वेल्समध्ये पहिला पर्याय 'वेल्श' होता, तिथे निम्म्याहून जास्त लोक फक्त वेल्शच राहिले. मला यातून वाटतं ते असं, की इंग्रज माणसाला इंग्लिश आणि ब्रिटिश यांतला फरक रोजच्या जगण्यात जाणवतच नाही. वेल्श माणसाला जाणवतो.

उत्तर आयर्लंडमध्ये तर 'ब्रिटिश' हा शब्दसुद्धा जपून वापरावा लागतो. १९९८ च्या करारानुसार तिथल्या माणसाला स्वतःला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही म्हणवून घ्यायचा हक्क आहे, पासपोर्टही दोन्ही ठेवता येतात. एकाच शहराला कुणी डेरी म्हणतं, कुणी लंडनडेरी, आणि तुम्ही काय म्हणता यावरून समोरचा तुमची बाजू ओळखतो.

आता माझी तक्रार, आणि ती स्कॉटिश मित्रमंडळींबद्दल. २०१४ च्या सार्वमतात स्वातंत्र्याच्या बाजूने जवळपास ४५ टक्के मतं पडली. त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे. पण साम्राज्याचा विषय निघाला की 'ते सगळं इंग्रजांनी केलं, आम्ही पण त्यांच्याच हाताखाली होतो' हा सूर अधूनमधून लागतो, तो मला अजिबात पटत नाही. पेशवाई संपल्यावर दख्खनची घडी बसवणारा आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश. त्याच्यानंतरचा गव्हर्नर जॉन माल्कम, ज्याच्या नावाने महाबळेश्वरात माल्कम पेठ वसली, तोही स्कॉटिश. साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ? स्कॉटिश. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून आलेल्या पायदळात हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पलटणी होत्या, आणि त्यांचा सेनापती वेलस्ली जन्माने डब्लिनचा. नोकऱ्या, बढत्या, पेन्शनी घेताना ही मंडळी खुशाल ब्रिटिश होती. मग हिशोबाच्या वेळीच फक्त स्कॉटिश कसं होता येईल?

तेव्हा इतिहासाबद्दल बोलताना मी 'ब्रिटिश राजवट' म्हणतो, 'इंग्रजांचं राज्य' शक्यतो टाळतो. जबाबदारी सगळ्यांची. आज समोर बसलेल्या माणसाला मात्र तो स्वतःला जे म्हणवतो तेच म्हणायचं.

आणि हो, लिओ वराडकरांना कृपा करून ब्रिटिश राजकारणी म्हणू नका. वडील मुंबईत वाढलेले, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, सगळं खरं. पण ते पंतप्रधान होते आयर्लंडच्या प्रजासत्ताकाचे, जे १९२२ मध्येच ब्रिटनपासून वेगळं झालं. डब्लिनमध्ये कुणाला 'तुम्ही ब्रिटिश लोक' म्हणून बघा, पुढची बिअर तुमच्या खर्चाने असेल!