सर्दीचे दिवस मोजून आमच्याकडे भागत नाही

‘दहा दिवसांत गेली नाही तर अ‍ॅलर्जी समजा’ हे साधी सर्दी अन् अ‍ॅलर्जी कशी ओळखायची यावरच्या लेखातलं वाक्य आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे साफ फसतं. वावरात सोयाबीन काढायला हडंबा (मळणीयंत्र) लागला की तासाभरात मला शिंका सुरू, एका दमात पंधरा-वीस. नाकातून पाण्यासारखी धार, डोळे लालभडक, अन् टाळूला आतून अशी खाज की जीभ घासत बसावं लागतं. ताप नाही, अंगदुखी नाही. काढणी आटोपली की दोन दिवसांत सगळं गायब. मग चार दिवसांत बरं वाटलं म्हणून ती साधी सर्दी झाली काय?

तीन हंगाम मी अँटिबायोटिक खाल्लं. ते ना विषाणूच्या सर्दीवर चालतं, ना अ‍ॅलर्जीवर. शेवटी मायनंच पकडलं: “घरात दुसऱ्या कोणाले लागली नाही, तुलेच कशी लागते रे दरसाली?” लेखात खाजेला जेमतेम अर्धी ओळ आहे, कुटाराचा (मळणीतल्या भुशाचा) धुरळा, गाजरगवत यांचं तर नावही नाही. आता नाकातोंडाला दुपट्टा बांधूनच हडंब्यापाशी उभा राहतो, अन् घरी आलो की आधी आंघोळ, मग चहा.