ताईच्या गोळ्या सोडवायला निघालेला फॉरवर्ड

परवा रात्री ताईचा मेसेज आला: "हे वाच. उद्यापासून गोळी सोडून बघू का?" ताईला स्टिल्स डिसीज आहे, ताप, पुरळ आणि सांधेदुखी आणणारा दाहाचा आजार, आणि त्यासाठी स्टेरॉइडची गोळी चालू आहे. मेसेजखाली हे एवढं लांबलचक फॉरवर्ड. काकांनी तिला पाठवलेलं, अर्थात काळजीपोटी. काकांवर राग नाही. लिहिणाऱ्यावर आहे.

त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. रोजचा ताप, पुरळ आणि सुजलेले सांधे म्हणजे रक्तात साठलेलं विष. 'स्टिल्स डिसीज' हे कंपन्यांनी काढलेलं नवं नाव. आरए फॅक्टर (संधिवातासाठी करतात ती रक्ततपासणी) निगेटिव्ह येतो, म्हणजे संधिवात नाहीच. फेरिटिन वाढतं, म्हणजे अंगात लोह जास्त झालं, रक्त काढून टाका. स्टेरॉइड आजच बंद करा. २१ दिवसांत ठणठणीत, हजारोंना अनुभव.

'नवं नाव' जॉर्ज स्टिल या डॉक्टरांवरून पडलंय. त्यांनी लहान मुलांमधला हा आजार १८९७ साली लंडनमध्ये लिहून ठेवला. मोठ्यांमधला डॉ. बायवॉटर्स यांनी १९७१ मध्ये. पुढे.

आरए फॅक्टरचं तर हसूच आलं. मोठ्या माणसांत हा आजार ओळखायला जगभर वापरतात ते यामागुची निकष, १९९२ चे. मुख्य चार: किमान आठवडाभर ३९ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, किमान दोन आठवडे सांधेदुखी, ठरावीक प्रकारचं पुरळ, आणि रक्तात पांढऱ्या पेशी दहा हजार किंवा त्याहून जास्त. दुय्यम निकषांत घसादुखी, सुजलेल्या गाठी किंवा प्लीहा, यकृताच्या तपासण्या बिघडणं, आणि चक्क आरए फॅक्टर व एएनए (तशीच आणखी एक रक्ततपासणी) निगेटिव्ह असणं! ज्याला हा गृहस्थ आजार नसल्याचा पुरावा म्हणतोय, तो आजाराच्या बाजूने मोजला जातो. एकूण पाच जुळावे लागतात, त्यांत दोन तरी मुख्य, आणि त्याआधी जंतुसंसर्ग, कॅन्सर, इतर संधिवात वगळावे लागतात. ते वगळण्यातच ताईचे तीन आठवडे गेले.

पुरळ म्हणजे विष बाहेर पडतंय म्हणे. ताईचं पुरळ संध्याकाळी तापाबरोबर यायचं, दंडावर आणि पोटावर फिकट गुलाबी चट्टे, पर्सचा पट्टा खांद्यावर घासतो तिथे जास्त. सकाळी डॉक्टरांसमोर हात पुढे करावा तर कातडी स्वच्छ. शेवटी मी रात्री अकराला दिव्याखाली फोटो काढून ठेवले, तेच कामाला आले. विष असं वेळापत्रक पाळतं का?

फेरिटिन. हे लोह साठवणारं प्रथिन आहे खरं, पण दाह भडकला की लोह जास्त नसतानाही ते वाढतं, आणि या आजारात हजारोंच्या घरात जातं. त्याच वेळी हिमोग्लोबिन बहुतेकदा कमी असतं, कारण दाहामुळे शरीर लोह अडवून ठेवतं. म्हणजे आधीच रक्त कमी असलेल्या माणसाचं रक्त काढायचा हा सल्ला!

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. कित्येक आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळालं की आपल्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (ॲड्रीनल) ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं जवळजवळ थांबवतात. गोळी एकदम सोडली तर उलट्या, रक्तदाब कोसळणं, शुद्ध हरपणं. जीवही जाऊ शकतो. शिवाय दबलेला आजार उसळतो तो वेगळाच. फॉरवर्डसोबत एका रिपोर्टचा फोटो आहे: 'गोळी बंद केल्यावर आठ दिवसांत ईएसआर उतरला.' ईएसआर ही दाह किती आहे ते दाखवणारी रक्ततपासणी, एरवी तो उतरणं चांगलंच. पण हा फोटो पाहून मला घाम फुटला. या आजारात मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम नावाची जीवघेणी गुंतागुंत होते. त्यात फायब्रिनोजेन (रक्त गोठायला लागणारं प्रथिन) घसरतं आणि म्हणून ईएसआरही घसरतो. ताप हटत नाही, प्लेटलेट उतरतायत, फेरिटिन आभाळाला भिडलंय आणि ईएसआर मात्र खाली, हे चित्र दिसलं तर तडक रुग्णालय गाठायचं असतं. फोटोत बाकीचे आकडे कापलेले आहेत.

स्टेरॉइडने तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, हे मान्य. ताईचा चेहरा बघतेच आहे मी. पण डॉक्टरांनाही ती बंदच करायची असतात, पायरीपायरीने. दाह भडकवणारी इंटरल्यूकिन-१ किंवा ६ ही प्रथिनं अडवणारी इंजेक्शनं लवकर सुरू करतात, ती बरीचशी त्यासाठीच.

राहिले ते 'हजारो'. त्यातले काही खरे असतीलही, नाइलाजाने मान्य करते. काहींना हा आजार एकदाच येतो, काही महिने छळतो आणि जातो. त्या उतरणीवर जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळतं. काहींना तो पुन्हा पुन्हा उलटतो, काहींचे सांधे कायमचे धरतो. ताईचा यातला कुठला, ते तिच्या डॉक्टरांनाही अजून सांगता येत नाही. फॉरवर्डवाल्याला मात्र येतं, तेही तिला न बघता.