वाढत्या घराचं वाणसामान

महिन्याचं वाणसामान पगारात बसत नाही म्हणून कुरकुर करू नका. पोरं वाढवायची हौस तुमचीच. आता ती वाढतायत, तर तक्रार कसली?

आधी तेलाचं बघू. एक लिटरच्या पिशवीत साधारण 910 ग्रॅम तेल मावतं. हल्ली पिशवी तेवढीच फुगीर, चित्रातली सूनबाई तेवढीच हसरी, फक्त खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 850 नाहीतर 800 ग्रॅम लिहिलेलं असतं. ते चष्मा लावून वाचू नये. बीपी वाढतं.

मग पीठ. 18 जुलै 2022 पासून छापील पाकिटातल्या पिठावर, तांदळावर, डाळीवर 5 टक्के जीएसटी लागला. पाकीट 25 किलोंच्या वरचं असेल तर मात्र माफ. म्हणजे महिनाअखेरीला पाच किलो आटा आणायचा तुमचा उधळेपणा आता पुरे. सरळ 26 किलोचं पोतं उचला. पैसे नाहीत? अहो, ते वाचवायलाच तर पोतं घ्यायचंय. जागा नाही? धाकट्याला पोत्यावर झोपवा. (सुट्या मालावर कर नाही हे खरं, पण सुटं देणारा कोपऱ्यावरचा वाणी कधीच उठला. तिथं आता एसी दुकान आहे.)

रेशनचा हिशेब तर फारच सोपा. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य, 2023 पासून फुकट. दिवसाला 166 ग्रॅम पडतं. कायद्याला सगळे सारखे: पाळण्यातलं तान्हं 5 किलो, कबड्डी खेळून आलेला दहावीतला घोडाही 5 किलो. तेव्हा घरात बाळं ठेवावीत. खात काही नाहीत, वर धान्य आणतात. फक्त पाचवीच्या रात्री सटवाई येण्याआधी कार्डात नाव चढवून घ्या.

कांदा कडाडला तर 2019 मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलेलं आठवा: आपल्या घरी कांदा-लसूण फारसं खात नाहीत. जन्म घेताना घर नीट बघायला काय झालं होतं?

आमटी वाढताना पळी तळाला लावू नये. वरचं वर वाढावं, तळातलं घट्ट ज्याची परीक्षा असेल त्याला. आमच्याकडे हल्ली तिघांचीही रोज परीक्षा असते. फोडणीत हिंग मात्र सढळ. निम्मी भूक वासावरच भागते.

एवढं करूनही थोरला "अजून एक पोळी" म्हणालाच, तर आधी पाणी पी म्हणावं. पाणीपट्टी वेगळी येते, ती वाणसामानात धरत नाहीत.