‘रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणजे कॅन्सर होणार नाही’ हे खरं नाही

‘जनुकीय चाचणी करून घ्या, कॅन्सर होणार की नाही ते एकदाचं कळेल,’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो दिशाभूल करणारा आहे. ही चाचणी आनुवंशिक धोका सांगते, भविष्य नाही.

सगळ्या कॅन्सरपैकी साधारण 5 ते 10 टक्केच थेट वारशाने आलेल्या जनुकीय बदलामुळे होतात. म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट आला तरी नेहमीच्या तपासण्या सोडायच्या नाहीत. बीआरसीए-1 किंवा बीआरसीए-2 या जनुकांमध्ये घातक बदल सापडला, तर बाईला आयुष्यभरात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता 60 टक्क्यांहून जास्त असते. धोका मोठा आहे, पण ‘होणारच’ असं नाही. शिवाय तो आधी कळला तर एमआरआय, औषधं, शस्त्रक्रिया असे मार्ग उघडतात.

रक्त किंवा लाळ देणं हा त्यातला सोपा भाग. खरं काम समुपदेशनात होतं. समुपदेशक तीन पिढ्यांची माहिती विचारतात: कॅन्सर कोणाला, कुठला, कितव्या वर्षी. वडिलांकडचे नातेवाईकही सांगा. हे हमखास राहून जातं. हा बदल पुरुषांमार्फतही पुढे जातो, प्रत्येक मुलामुलीला तो मिळण्याची शक्यता 50 टक्के. शक्यतो कॅन्सर झालेल्या नातेवाइकाची चाचणी आधी करतात, कारण घरातला नेमका बदल माहीत असेल तरच इतरांच्या ‘निगेटिव्ह’ला पक्का अर्थ येतो.

कधी रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल येतो, म्हणजे तो घातक आहे की नाही हे अजून ठरलेलं नसतं. केवळ त्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय कृपया घेऊ नका.